जॉबर पाहिजे : सोलापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी, तंत्रनिकेतन व संगणकशास्त्र महाविद्यालयांचे प्राचार्य, विभागप्रमुख, प्राध्यापक आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पूर्व भागात गेली एकोणीस वर्षं संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो. तुमच्यातल्या अनेकांचे लॅपटॉप माझ्या टेबलावर येऊन गेले असतील. आज मीच तुमच्याकडे काहीतरी मागायला आलोय. मागणं पैशांचं नाही आणि एकट्यासाठीही नाही, म्हणून चारचौघांत मांडतो.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. संध्याकाळी सात-साडेसातला बारावीतली एक मुलगी आईला घेऊन दुकानात आली. आई विड्या वळते, राहायला मागच्याच गल्लीत. पिशवीत दहा इंची नेटबुक, नातेवाइकांनी वापरून दिलेलं. "दादा, काल चालत होतं, आज उघडंनाच बघा. उद्या शेवटची तारीख आहे." शिष्यवृत्तीचा फॉर्म होता. ब्राउझर प्रत्येक पानाला 'जोडणी सुरक्षित नाही' म्हणत होता. कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं तर १ जानेवारी २००९. पाठीचे स्क्रू काढले, कीबोर्ड उचलला. आत काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, वायरीला जोडलेला नाण्याएवढा सेल होता. तीन व्होल्टच्या त्या सेलात मीटरवर सव्वा व्होल्टही उरला नव्हता. सेल बदलला, तारीख लावली. इशारा गेला, पण फॉर्मचं पान पांढरंच. आता दोष ब्राउझरचा होता. यंत्रात सहा-सात वर्षांपूर्वीची, जुन्या ३२-बिट प्रोसेसरसाठीची लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) होती, तिचे अपडेट कधीच बंद झालेले. संकेतस्थळ नव्या धाटणीचं जावास्क्रिप्ट पाठवत होतं आणि त्या ब्राउझरला ते कळतच नव्हतं.

पेन ड्राइव्हवरून अँटिक्स २३ ही हलकी लिनक्स टाकली. पाऊण तास गेला. एक जीबी रॅम आणि १.६ गिगाहर्ट्झचा अ‍ॅटम एन२७० असलेल्या त्या यंत्रावर डेस्कटॉप उघडला तेव्हा जेमतेम दोनशे एमबी रॅम लागली होती. फॉर्म भरला, पावतीची पीडीएफ आईच्या मोबाइलवर पाठवली. निघताना मुलीने विचारलं, "आता किती दिवस चालेल हे?"

मी म्हणालो, "चालेल गं वर्षभर." वेळ मारून नेली. खरं उत्तर मला ठाऊक होतं, ते तिला सांगायचं राहिलं. ते तुम्हाला सांगतो, कारण ते बदलणं तुमच्या हातात आहे.

अँटिक्स ही डेबियन या मोठ्या लिनक्सवर उभी असलेली हलकी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा एक तयार संच. मूळ ग्रीसमधली, आणि सांभाळणारी माणसं मूठभर. यंत्र सुरू करणारी सिस्टमडी ही मोठी यंत्रणा नाही, भलाथोरला डेस्कटॉप नाही, खिडक्या दाखवायला आइसडब्ल्यूएमसारखा साधा विंडो मॅनेजर. तिची २३ वी आवृत्ती डेबियन १२ वर बांधलेली आहे. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आलं आणि ३२-बिट इंटेल यंत्रांसाठी इन्स्टॉलर व कर्नेल (प्रणालीचा गाभा) देणारं ते डेबियनचं शेवटचंच ठरलं. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आलं. त्यात आय३८६ ही ३२-बिटची शाखा उरली आहे ती ६४-बिट यंत्रावर एखादा जुना ३२-बिट प्रोग्राम चालवण्यापुरती. डेबियन १२ चे नेहमीचे सुरक्षा अपडेट जून २०२६ पर्यंत आहेत. पुढे दीर्घ मुदतीचा गट जून २०२८ पर्यंत त्याची काळजी घेईल. ब्राउझरचं तर त्याहून घाईचं आहे. १४४ ही ३२-बिट लिनक्ससाठीची शेवटची नेहमीची आवृत्ती, हे फायरफॉक्सवाल्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. १४० क्रमांकाच्या ईएसआर, म्हणजे जास्त काळ सांभाळल्या जाणाऱ्या, आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या मिळतील, त्या किमान सप्टेंबर २०२६ पर्यंत. क्रोमने लिनक्सवरचं हे दार मार्च २०१६ मध्येच लावलं होतं.

बाकीच्या डिस्ट्रो एकेक करून निघून गेल्या. आर्चने २०१७ मध्ये ३२-बिट सोडलं, फेडोरा आणि उबुंटूने २०१९ मध्ये. अँटिक्सची बहीण म्हणावी अशी एमएक्स लिनक्स नोव्हेंबर २०२५ च्या आवृत्तीपासून फक्त ६४-बिट झाली. डेबियनच्या आधाराने उभ्या असलेल्या प्रत्येक छोट्या डिस्ट्रोपुढे आता एकच प्रश्न आहे: कर्नेल स्वतः बांधायचं, म्हणजे सोर्स कोडपासून तयार करायचं, की आवरतं घ्यायचं?

ज्यांनी हात काढून घेतला त्यांच्यावर माझा राग नाही, हे आधीच सांगतो. लिनस तोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं ते ३८६ या इंटेलच्या ३२-बिट प्रोसेसरच्या यंत्रावर, आणि डिसेंबर २०१२ मध्ये त्याच ३८६ चा आधार कर्नेलमधून काढला गेला. जुनं सांभाळायला रोज कष्ट पडतात. ३२-बिट प्रोग्रामला जास्तीत जास्त चार जीबी पत्ते दिसतात. आजचा ब्राउझर बांधताना शेवटच्या जोडणीलाच त्याहून जास्त मेमरी लागू शकते, म्हणजे ३२-बिटचा ब्राउझर ३२-बिट यंत्रावर बांधणंच अवघड होऊन बसतं. फायरफॉक्समध्ये रस्ट भाषेचा वापर वाढत गेला. रस्टचा नेहमीचा ३२-बिट कंपायलर एसएसई२ या प्रोसेसरमधल्या सूचना गृहीत धरतो. त्या पेंटियम ४ बरोबर २००० साली आल्या, त्यामुळे पेंटियम ३ आणि अ‍ॅथलॉन एक्सपी आपोआप बाहेर पडले. सुरक्षेचंही तसंच. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधली मेल्टडाउन ही खोट जगाला कळली. ६४-बिट कर्नेलला तिच्यावरचा उपाय त्याच महिन्यात मिळाला. ३२-बिटला तो मिळाला कर्नेल ४.१९ मध्ये, म्हणजे ऑक्टोबरात. हे नऊ महिने कुणी मुद्दाम लावले नाहीत. त्या बाजूला बसून काम करणारी माणसंच थोडी राहिली होती.

मला तुमच्याकडे यावंसं वाटलं ते इथे. माणसं कमी आहेत, आणि आपल्या जिल्ह्यात दरवर्षी संगणक शाखेची पोरं वर्ग भरून बाहेर पडतात.

पण आधी एक चूक दुरुस्त करायला हवी, आणि ती आपल्याच गावातली आहे. गेल्या उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या एका शाळेने मला बोलावलं. कोठीच्या खोलीत बावीस संगणक एकावर एक रचलेले, वर गाद्या, गाद्यांवर धूळ. "हे ३२-बिटचे आहेत, आता काही चालत नाही यावर," असं कुणीतरी सांगून गेलं होतं आणि भंगारवाल्याशी किलोवर बोलणीही झाली होती. मी दोन दिवस मागितले. चार मदरबोर्ड मेलेले निघाले, कपॅसिटर फुगून फुटलेले. उरलेले अठरा सुरू झाले. प्रत्येकावर पेन ड्राइव्हने लिनक्स चालवून टर्मिनलमध्ये एलएससीपीयू ही आज्ञा दिली. अठरापैकी चौदा यंत्रांनी पहिल्याच दोन-तीन ओळींत सांगितलं की आम्ही ३२ आणि ६४ दोन्ही चालवतो.

असं कसं? ती यंत्रं घेताना रॅम एक-दोन जीबी होती म्हणून दुकानदाराने ३२-बिट विंडोज टाकली आणि पुढे पंधरा वर्षं सगळे त्या यंत्रालाच ३२-बिट म्हणत राहिले. एएमडीने ६४-बिट प्रोसेसर २००३ मध्ये आणले, इंटेलचा कोअर टू डुओ २००६ चा. आपल्याकडच्या शाळांत, टायपिंग क्लासेसमध्ये, पतसंस्थांच्या मागच्या खोलीत जे पडलंय त्यातलं बरंचसं यानंतरचं आहे. त्यांना ३२-बिट डिस्ट्रोची गरजच नाही. दोन जीबी रॅम आणि साधी एसएसडी घातली की ६४-बिटचं डेबियन १३ हलक्या विंडो मॅनेजरवर बरं चालतं. त्या चौदा संगणकांवर मी तेच टाकलं. शाळेची लॅब आता सुरू आहे.

तेव्हा पहिली विनंती ही. आपल्या विद्यार्थ्यांची एक तुकडी घेऊन शनिवार-रविवारी जवळच्या शाळांत जा आणि यंत्रं निवडा. ६४-बिट कोणतं, खरं ३२-बिट कोणतं, मेलेलं कोणतं, असं प्रत्येक कॅबिनेटवर लिहा. याला ना निधी लागतो ना मंजुरी. सुट्टीचे चार दिवस पुरतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपल्यापासून भंगाराच्या गाडीत चांगली यंत्रं चढताना मी रोज पाहतोय, त्यामुळे हे काम उद्यावर ढकलण्यासारखं नाही.

निवड झाली की खरी ३२-बिट यंत्रं थोडीच उरतील. २००२ ते २००४ चे पेंटियम ४ चे टॉवर, पेंटियम एमचे जुने लॅपटॉप, २००६ चा कोअर डुओ, आणि २००८ नंतर घरोघरी आलेली एन२७० ची नेटबुक. ही सगळीच वाचवा असं मी म्हणणार नाही. पेंटियम ४ चे काही प्रोसेसर एकटेच शंभर वॅटच्या वर वीज खातात. सोलापूरच्या मे महिन्यात असा टॉवर खोलीत चालवणं म्हणजे शेगडी पेटवून ठेवणं. तो काढून टाकावा, नियमाप्रमाणे ई-कचऱ्यात द्यावा. पण एन२७० चा प्रोसेसर अडीच वॅटचा आहे. त्याचं नेटबुक दिवसभर चाललं तरी घराच्या मीटरवर कळत नाही, वीज गेली तरी बॅटरीवर तास-दीड तास काढतं. ज्या घरात मोबाइल एकच आहे आणि तोही बाप कामावर घेऊन जातो, त्या घरात मुलीला टाइप करायला, वाचायला, फॉर्म भरायला तेवढं एक यंत्र असतं. माझा आग्रह त्या यंत्रासाठी आहे.

माझे वडील जॉबर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारे कारागीर होते. चादरीच्या मागावर धोटा अडकला, जकार्डचं कार्ड फाटलं, पिकरचा दांडा तुटला की कारखानदार त्यांना बोलवायला माणूस धाडायचा. ज्या कंपन्यांनी ते माग बनवले त्यातल्या काही त्यांच्या उमेदवारीच्या काळातच बंद पडल्या होत्या. पार्ट येणं थांबलं म्हणून माग थांबले नाहीत. मोडलेलं दातेरी चाक घेऊन वडील फौंड्रीत जायचे, लाकडाचा साचा करून घ्यायचे, ओतलेलं चाक लेथवर घासून आणायचे आणि रात्री बसवायचे. मी सायकलवर मागे बसून जात असे. ते चाक मांडीवर घेऊन बसलो की गरम लागायचं, आणि ओतकामाचा जळका वास घरी आल्यावरही हातांना यायचा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, गावाचं नाव झालं. त्या नावामागे अशी किती चाकं ओतली गेली असतील!

कर्नेलचं चाक ओतायला तर साचाही फुकट मिळतो. सगळा सोर्स खुला आहे. कर्नेल ६.१, ज्यावर डेबियन १२ उभं आहे, ते सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म नावाचा प्रकल्प २०३३ पर्यंत सांभाळणार आहे. म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या कुणीतरी लिहितच राहणार. प्रश्न एवढाच, की त्या दुरुस्त्या घेऊन ३२-बिटचं कर्नेल दर महिन्याला बांधणार कोण, आणि खऱ्या यंत्रावर चालवून पाहणार कोण. बांधायला जुनं यंत्र लागत नाही. तुमच्या लॅबमधल्या ६४-बिट संगणकावर ३२-बिटचं कर्नेल बांधता येतं, दुपारच्या जेवणाआधी लावलं तर जेवून येईपर्यंत बहुधा झालेलं असतं. चालवून पाहायला मात्र जुनीच यंत्रं लागतात, आणि मोठ्या डिस्ट्रोवाल्यांकडे नेमकी तीच उरलेली नाहीत. ती आपल्याकडे आहेत.

डिस्ट्रो कशा जातात आणि कशा टिकतात याची उदाहरणं मी फार वर्षं जवळून पाहत आलोय. क्रंचबँग नावाची एक सुंदर हलकी डिस्ट्रो होती, मी कितीतरी यंत्रांवर टाकली. ती एकाच माणसाने उभी केली होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांनी थांबत असल्याचं सांगितलं. वापरणाऱ्यांनी एकत्र येऊन बन्सनलॅब्स सुरू केली म्हणून तो धागा तुटला नाही. पपी लिनक्स बॅरी कॉलर यांनी ऑस्ट्रेलियात २००३ मध्ये सुरू केली. त्यांनी पुढे निवृत्ती घेतली, पण बांधणीची सगळी अवजारं आधीच खुली करून ठेवली होती आणि ती घ्यायला माणसं तयार होती. पपी अजून निघते. डॅम स्मॉल लिनक्स ५० एमबीत सगळं बसवायची. मध्ये कितीतरी वर्षं ती बंद होती. २०२४ मध्ये परत आली ती अँटिक्सच्या पायावर. आर्चने सोडलेलं ३२-बिट काहींनी आर्च लिनक्स ३२ म्हणून उचललं. या सगळ्यांत सोलापूरचं, किंबहुना मराठी मुलखातलं, कुणी असेलही. पण एकोणीस वर्षांत ज्यांनी माझ्याकडून अशी लिनक्स फुकट घालून नेली त्यांच्यातल्या एकानेही कधी कुणाला एक बग कळवला नाही. मीही पहिली दहा वर्षं कळवला नव्हता. नुसतं घेत राहिलो. याची मला खंत आहे.

आता काम नेमकं काय आहे ते सांगतो.

कोणत्याही एका महाविद्यालयाने अँटिक्सचं ३२-बिट कर्नेल आपल्याकडे घ्यावं. त्यांचा सोर्स गिटलॅब या संकेतस्थळावर आहे. तिथल्या माणसांना आधी लिहा, काय हवंय ते विचारा, त्यांच्या पद्धतीने काम करा. वेगळी 'सोलापूर लिनक्स' काढू नका. नवं नाव, नवा वॉलपेपर, उद्घाटनाचा कार्यक्रम आणि वर्षभराने सामसूम, असं होऊ नये. आहे तिलाच खांदा द्या. कर्नेल जड वाटत असेल तर एखादं छोटं पॅकेज, म्हणजे डिस्ट्रोतला एखादा प्रोग्राम, घ्या. डेबियन १३ मध्ये एखाद्या पॅकेजची आवृत्ती पुढे गेली आणि जुन्या यंत्रावर ती चालेना, की कुणीतरी बसून ते एसएसई२ शिवाय पुन्हा बांधावं लागतं. हे काम पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला जमतं. मेहनत आहे, शिकायलाही भरपूर मिळतं: लिंकर म्हणजे काय, एबीआय म्हणजे काय, अवलंबित्वांची साखळी कशी तुटते. हे पुस्तकातून कळायला चार सत्रं लागतात.

ज्यांना कोडमध्ये रस नाही त्यांनी चाचणी घ्यावी. नवी आवृत्ती येण्याआधी चाचणी-आवृत्त्या निघतात. त्या खऱ्या जुन्या यंत्रावर चालवून नीट अहवाल पाठवणारा माणूस त्या मूठभर लोकांना किती मोलाचा असतो, हे मी अनुभवाने सांगतो. नुसतं 'चालत नाही' लिहून उपयोग नाही. डीमेसेजचा लॉग (कर्नेलचे संदेश), एलएसपीसीआयची यादी (यंत्रातले भाग), पडदा काळा पडला तो कर्नेल सुरू होताना की डेस्कटॉपला, हे लिहावं. मी पहिला अहवाल इंग्रजी डिक्शनरी शेजारी ठेवून लिहिला होता. एका जुन्या वायफाय कार्डाचं फर्मवेअर चढत नव्हतं. तीन दिवसांत उत्तर आलं, सौजन्याने आलं, आणि उपाय लागू पडला.

मराठीचं काम तर आपलंच आहे. अँटिक्सच्या अवजारांचं भाषांतर ट्रान्सिफेक्स या संकेतस्थळावर कुणालाही करता येतं. टायपिंगसाठी एम१७एन या भाषा-अवजारात इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे, गमभनची पद्धतही आहे. पण ती शोधून चालू करणं नवख्याच्या आवाक्यातलं नाही. टंकाचं पाहा. आपला मराठी 'ल' आणि 'श' हिंदी वळणाहून वेगळा. काही टंकांमध्ये दोन्ही वळणं असतात आणि यंत्राची भाषा मराठी ठरवली तरच आपलं वळण दिसतं. नाहीतर तिसरीतला पोरगा पुस्तकात एक 'ल' बघतो आणि पडद्यावर दुसरा. या गोष्टी आधीच लावून दिलेली आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) अँटिक्सच्याच स्नॅपशॉट अवजाराने तासाभरात बनते. तीत लिबरऑफिस, मुलांच्या खेळांचं जीकॉम्प्री आणि इंटरनेटशिवाय वाचता येणाऱ्या किविक्सवर अख्खा मराठी विकिपीडिया घाला. इंटरनेट नसलेल्या वाडीवरच्या शाळेत ते नेटबुक पुढची कित्येक वर्षं कामाला येईल. ब्राउझर म्हातारा झाला की काय करायचं, याचंही उत्तर माझ्याकडे हेच आहे: अपडेट थांबलेल्या ब्राउझरवर बँकेचं काम करू नका, करूही देऊ नका, त्या यंत्राला जाळ्याबाहेरचं काम द्या.

आणखी एक बारीकशी गोष्ट. डेबियनमध्ये पॉपकॉन नावाचं पॅकेज आहे. ते कोणती पॅकेजं वापरात आहेत याची निनावी नोंद आठवड्याला पाठवतं, तेही वापरणाऱ्याने परवानगी दिली तरच. एखादी शाखा ठेवायची का, हे ठरवताना असे आकडे पाहिले जातात. आपली यंत्रं बहुतेक वेळ इंटरनेटबाहेर, आणि परवानगीच्या प्रश्नाला आपण सवयीने 'नाही' म्हणतो. त्या आकड्यांत पूर्व भाग नाही, अक्कलकोट नाही, सांगोला नाही. ज्या यंत्रांना इंटरनेट आहे त्यांवर तरी पॉपकॉन चालू करा.

प्राध्यापकांना आणि केगावच्या विद्यापीठातल्या अभ्यास मंडळांना माझं मुख्य सांगणं गुणांबद्दल आहे. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प छापून, बांधून घ्यायला मुलं माझ्या शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात येतात. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली, रुग्णालय व्यवस्थापन प्रणाली, हजेरी प्रणाली. मुलं हुशार आहेत, रात्र-रात्र जागतात, आणि तोंडी परीक्षा झाली की तो कोड परत कुणी उघडत नाही. त्याऐवजी चार मुलांच्या गटाने वर्षभर एक पॅकेज सांभाळलं, त्यांचे बदल मूळ प्रकल्पाने स्वीकारले, तर तो प्रकल्प म्हणून मान्य करा. तपासणंही सोपं आहे: काय बदललं, कधी बदललं, कोणी तपासलं, सगळं जगासमोर लिहिलेलं असतं. पुढच्या वर्षीच्या गटाने तेच पॅकेज पुढे चालवावं. केरळात शाळांसाठी काइट ही सरकारी संस्था अशी लिनक्स वर्षानुवर्षं सांभाळते आहे. आपल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने डेबियनवरच बॉस लिनक्स उभी केली. एका डिस्ट्रोचा एक कोपरा सांभाळणं त्यापुढे फार मोठं नाही.

कुणी विचारेल, किती दिवस ओढायचं हे? कायमचं मी म्हणतच नाही. १९ जानेवारी २०३८ ला जुनं ३२-बिट घड्याळ भरून वाहणार आहे, म्हणजे तारीख मोजायचा त्याचा आकडा संपणार आहे. डेबियनने २०२४ मध्ये इतर ३२-बिट शाखांवर ६४-बिट वेळ आणली, पण आय३८६ ला त्यातून मुद्दाम वगळलं, कारण तिथे जुने प्रोग्राम चालणं महत्त्वाचं धरलं गेलं. म्हणजे शेवट ठरलेलाच आहे. मी मागतोय ती मधली सात-आठ वर्षं. आज पाचवीत असलेली मुलगी तोवर बारावी होते.

माझ्याकडून काय होईल तेही लिहितो. दुकानाच्या मागच्या फळीवर मी सहा यंत्रं चालू स्थितीत ठेवली आहेत: दोन एन२७० नेटबुक, एक कोअर डुओ लॅपटॉप, एक पेंटियम एम, एक पेंटियम ३ आणि एक अ‍ॅथलॉन एक्सपी. प्रत्येकावर रॅम, चिपसेट आणि वायफाय कार्डाची चिठ्ठी चिकटवली आहे. चाचणीसाठी ही तुमच्या लॅबमध्ये नेऊन ठेवा, पावती नको. जुनी रॅम आणि आयडीई हार्ड डिस्क माझ्याकडे डबाभर आहेत. सोल्डरिंग शिकायचं असेल तर बुधवारी, दुकान बंद असतं त्या दिवशी, या. महाविद्यालयाच्या सर्व्हरवर डेबियनच्या पॅकेजांची स्थानिक साठवण करून दिलीत तर शाळांना तीच तीच पॅकेजं परत डाउनलोड करावी लागणार नाहीत. मी पेन ड्राइव्हवर भरून पोचवीन.

गड्ड्याची यात्रा आटोपली, तुमची दुसरी सत्रं सुरू झाली असतील. प्रकल्पांचे विषय ठरायला अजून वेळ आहे. त्या मुलीला मी जूनमध्ये नेटबुक घेऊन परत बोलावलं आहे. तोवर तुमच्यापैकी कुणी पहिलं कर्नेल बांधलं, तर ते आधी तिच्या यंत्रावर लावून पाहू.

आपला,
पूर्व भागातला एक संगणक दुरुस्तीवाला
सोलापूर, जानेवारी २०२६